दवाखान्याची पायरी

साप चावलेल्या माणसाला गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेतात, तेव्हा वाटेत एखाद-दुसरं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि बहुधा एक ग्रामीण रुग्णालय मागे पडलेलं असतं. ‘इथं काय असणार, मोठ्या दवाखान्यात चला,’ असं गाडीतलं कुणीतरी म्हणतं आणि तिथेच निर्णय होतो. खरं तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतंय की नाही हे पाहायला यंत्रही लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर लस ताबडतोब सुरू करायची. पहिल्या डोसाला साधारण ८ ते १० कुप्या लागतात. श्वास मंदावला तर पुढे न्यावं लागतंच, पण लस आणि कृत्रिम श्वास यांची सुरुवात जवळ करून. तास-दीड तासाच्या त्या प्रवासात विष थांबलेलं नसतं.

त्याच रस्त्यावरून दुसरी गाडी निघते. म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालंय, एक हात लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय. ही गाडी मात्र जवळच्याच ओळखीच्या डॉक्टरांच्या दारात थांबते. सलाईन लागतं, ‘सकाळपर्यंत बघू’ असं ठरतं, घरच्यांना बरं वाटतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटी स्कॅन काढून पाहावं लागतं. जिथे सीटीची सोय नाही तिथे घालवलेली रात्र म्हणजे त्या माणसाचा कायमचा गेलेला हात. साप चावल्यावर जी पळापळ नको होती, ती इथे हवी होती.

दोन्ही घरांत प्रेम सारखंच, पैसा कदाचित सारखाच, शाळाही एकच. चुका मात्र उलट्या दिशेच्या. हे पुस्तक या दोन गाड्यांबद्दल आहे. आजाराबद्दलची समज आणि दवाखान्याची निवड यांचं नातं काय, असा त्याचा विषय थोडक्यात सांगता येईल. पण तसं सांगितलं की ते आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या घोषणेसारखं वाटू लागतं. ‘चांगला दवाखाना कुठला?’ हा आपण सगळे एकमेकांना विचारतो तो प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो, एवढंच मला या प्रस्तावनेत म्हणायचं आहे. या आजाराला, या घडीला, कुठली पायरी? हा खरा प्रश्न. तो विचारता येणं आणि त्याचं कामचलाऊ का होईना उत्तर काढता येणं, याला मी आरोग्यसाक्षरता म्हणतो.

पायऱ्या आपल्याकडे कागदावर नीट आहेत. १९४६ च्या भोर समितीपासून ही रचना घडत आली. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, १,२०,००० ला ग्रामीण रुग्णालयाच्या तोडीची संस्था. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. त्यावर उपजिल्हा रुग्णालय, मग सिव्हिल, मग ससून, घाटी, नागपूरचं मेडिकल, मुंबईत केईएम आणि जेजे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही उतरंड आपण शाळेत पाठ करतो. आरोग्याची उतरंड अंगावर आजार आल्यावर कळते आणि तेव्हा ती शिकायला वेळ नसतो.

खालची पायरी म्हणजे हलकी पायरी, हा समज फार खोल आहे. त्याला उत्तर म्हणून मला नेहमी महाड आठवतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तरणीताठी माणसं आणि लेकरं मरत होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ती कशाने मरतात हे टिपलं. हृदय थकत होतं, फुप्फुसात पाणी भरत होतं. रक्तदाबावरची एक साधी गोळी, प्राझोसिन, त्यांनी पुढे वापरून पाहिली. गंभीर दंशाच्या रुग्णांत शंभरातले चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्या काळात विंचू चावलेल्या पोराला मुंबईच्या नामांकित इस्पितळात पोचवणाऱ्या बापापेक्षा महाडकडेच थांबलेला बाप शहाणा ठरला असता. आजही ती गोळी स्वस्त आहे आणि वेळेवर दिली तरच उपयोगी आहे.

आता थोडं या विषयाच्या अभ्यासाबद्दल. युरोपातल्या संशोधकांनी आरोग्यसाक्षरतेची चार कामं सांगितली आहेत: माहिती मिळवणं, ती समजणं, ती पारखणं आणि निर्णयात वापरणं. २०११ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, पोलंड, बल्गेरिया अशा आठ देशांत याची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांची, ४७ टक्क्यांची, ही समज अपुरी निघाली. तिथे लिहिता-वाचता येत नाही असा माणूस शोधावा लागतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८२ टक्के होती म्हणून खूश होण्याचं कारण नाही, एवढं यावरून दिसतं. अक्षर ओळखणारा माणूस डिस्चार्ज कार्ड वाचू शकतो. त्यातलं काय महत्त्वाचं आणि त्यावरून कुठे जायचं, ही वेगळी विद्या आहे.

ती विद्या नसल्याची शिक्षा गरिबालाच होते असंही नाही. पुण्या-मुंबईतला पदवीधर डोकं दुखलं की थेट मेंदूच्या तज्ज्ञाकडे, छातीत जळजळलं की थेट हृदयाच्या तज्ज्ञाकडे जातो. मधला फॅमिली डॉक्टर त्याने कधीच काढून टाकलेला असतो. तज्ज्ञ आपापल्या अवयवाच्या तपासण्या सांगतो, आणि फाईल जाड होते. बाळंतपणाचं उदाहरण तर आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांतल्या ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीत १४ टक्के. अडलेल्या, गुंतागुंत झालेल्या कितीतरी बायका शेवटी सरकारीतच पाठवल्या जातात, तरी हा फरक. म्हणजे दवाखान्याचं दार निवडलं की पुढे पोटावर काप पडेल की नाही, याचाही बराचसा फैसला होऊन जातो. हे दार मात्र आपण पार्किंग आणि खोलीचा एसी पाहून निवडतो. (खोली पाहू नये असं नाही. बाळंतिणीला स्वच्छ संडास हवा, आणि सरकारी दवाखान्यात तो नसणं हे न जाण्याचं अगदी रास्त कारण आहे.)

निवड करतं कोण, हा पुढचा प्रश्न, आणि या पुस्तकातला मला सगळ्यात भावलेला भाग त्याबद्दलचा आहे. रुग्ण क्वचितच निवडतो. गावाकडे निवडतो तो जाणता पुतण्या, किंवा मुंबईला असलेला मेव्हणा फोनवरून. निवडते ती शेजारीण, जिच्या सुनेला ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण’ आलेला असतो. निवडतो रिक्षावाला. आणि सगळ्यात जास्त निवडते डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन जाण्यात गैर काही नाही. उलट जाणत्या डॉक्टरने दाखवलेली वाट ही आपण स्वतः शोधलेल्या वाटेपेक्षा बहुधा चांगली असते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं आहे की वैद्यकीय सेवा इतर मालासारखी पारखून घेता येत नाही, कारण काय हवं हे गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्यालाच जास्त कळतं. तिथे विश्वासावरच भागतं. अडचण येते ती चिठ्ठीमागे पाकीट असतं तेव्हा. या कट प्रॅक्टिसबद्दल जाहीरपणे बोलणाऱ्या मोजक्या डॉक्टरांमध्ये हेच बावस्कर होते. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्यासाठी समिती नेमली, मसुदाही झाला. कायदा झाला नाही.

मग लोक सरकारी दवाखाना सोडून खाजगीत का जातात? अडाणी म्हणून, असं उत्तर देणाऱ्यांनी एक अभ्यास लक्षात घ्यावा. मध्य प्रदेशात संशोधकांनी रुग्णाची बतावणी करायला शिकवलेली माणसं डॉक्टरांकडे पाठवली. काही सरकारी डॉक्टर संध्याकाळी स्वतःचा दवाखानाही चालवत होते. त्याच डॉक्टरने, त्याच तक्रारीला, स्वतःच्या दवाखान्यात जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि बरोबर उपचार सांगण्याचं प्रमाणही तिथे जास्त निघालं. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर सरकारीत नीट बघत नाहीत, असं म्हणणारी बाई त्या अर्थाने आकडेवारी न वाचता बरोबर होती. सरकारी सेवा न वापरण्याची कारणं लोक सर्वेक्षणात सांगतात तीही अशीच आहेत: काळजी नीट घेत नाहीत, फार वेळ बसवतात, जवळ केंद्र नाही, आपल्या सवडीच्या वेळी ते उघडं नसतं. मजुरी बुडवून दुपारी बाराच्या आत ओपीडी गाठणं परवडत नाही, हा हिशेब आहे, अज्ञान नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च, बाळंतपण वगळता, सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खाजगीत ३१,८४५. सात पट. तापाला ओपीडीत खाजगी डॉक्टरांचे दोनशे रुपये देणारा माणूस शहाणाच आहे. त्याच वाटेने तो भरतीलाही जातो तिथे घर बुडतं. क्षयरोगात हे ठळक दिसतं. थुंकीची तपासणी आणि सगळी औषधं सरकारीत फुकट आहेत, शिवाय पोषणासाठी खात्यावर पैसे येतात. तरी रुग्ण आधी दोन-तीन खाजगी दवाखाने फिरतो, खोकल्याची औषधं पितो आणि पैसे संपल्यावर केंद्रात येतो. तोवर घरातल्या आणखी कुणालातरी लागण झालेली असते.

इथे समजुतीचा एक असा भाग येतो ज्याकडे डॉक्टर मंडळी लक्ष देत नाहीत, कारण तो वैद्यकाचा नसून कागदांचा आहे. मी त्यावर जरा रेंगाळणार आहे.

राज्यात २०१२ च्या जुलैमध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलं आहे आणि योजना सगळ्या कुटुंबांना खुली आहे. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. जे ऐकलेलं नसतं ते असं: योजना दवाखान्यात चालते, पण प्रत्येक दवाखान्यात चालत नाही, अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, रुग्णालयातच चालते. आणि अंगीकृत रुग्णालयातही सगळ्या उपचारांना चालतेच असं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असलेलं रुग्णालय हाडांसाठी नसू शकतं. दर्शनी भागात योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, ते दाखल होण्याआधी गाठायचं असतं. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून देता येतात. हे माहीत नसलेलं कुटुंब रात्री दोन वाजता जे दार उघडं दिसेल तिथे शिरतं, पन्नास हजार डिपॉझिट भरतं आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘अहो, योजनेत का नाही केलं?’ तोवर उशीर झालेला असतो. पेशंट हलवायला डॉक्टर तयार नसतात, आणि हलवणं धोक्याचंही असतं. निवड तीन दिवसांपूर्वी, अंधारात, पाच मिनिटांत होऊन गेलेली असते.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. शहरातली कितीतरी दिमाखदार रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. त्यांच्या संगमरवरी पायऱ्यांकडे पाहून गरीब माणूस तिथे शिरतच नाही, आणि शिरला तर समाजसेवकाची खोली कुठे आहे हे त्याला कुणी सांगत नाही. महाराष्ट्राने केंद्राचा वैद्यकीय आस्थापनांसाठीचा २०१० चा कायदा स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आहे. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली उपचारांची फी रद्द झाली. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, तिथे केसपेपरला आणि तपासण्यांना पैसे पडू शकतात. रांगेतल्या माणसाने हा खातेभेद का ओळखावा, असा प्रश्न पडतो. ओळखावा लागतो, एवढंच खरं.

सीमेवर राहणाऱ्यांना तर राज्याराज्यांचेही कागद कळावे लागतात. सिंधुदुर्गातला रुग्ण गंभीर झाला की कोल्हापूरच्या घाटापेक्षा गोव्याचं बांबोळीचं सरकारी रुग्णालय त्याला जवळ. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिकडे गेले. २०१८ च्या जानेवारीत गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्ग भागात आंदोलनं पेटली. गोव्याचं म्हणणंही समजण्यासारखं होतं. आपल्या करांतून दुसऱ्या राज्याचं आरोग्य का सांभाळायचं? पण कुडाळच्या घरात प्रश्न एवढाच होता की उद्या बाबांना न्यायचं कुठे.

आतापर्यंत मी सगळं ओझं रुग्णाच्या डोक्यावर ठेवत आलो. पण दवाखानाही वाचता येण्याजोगा असावा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हे फार आधी ओळखलं. आदिवासी मोठ्या दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, सोबतच्या माणसांना राहायला जागा नसते, अशी उत्तरं आली. मग संस्थेच्या शोधग्राममधला दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. लोक आले. त्यांची आरोग्यसाक्षरता एका रात्रीत वाढली नव्हती. दवाखाना त्यांची भाषा शिकला होता. शहरातल्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाच्या तळमजल्यावर उभं राहून ‘रेडिओलॉजी’, ‘नेफ्रोलॉजी’, ‘टीपीए डेस्क’ या पाट्या वाचताना सातवी शिकलेल्या बाईला काय वाटत असेल, हा विचार तिथला पाटी रंगवणारा तरी करत असेल का?

दुसरा प्रयोग आणखी पुढे जातो. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. औषधं आहेत का, डॉक्टर मुक्कामी राहतात का, पैसे मागतात का. उत्तरांना हिरवा, पिवळा, लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. निवडीच्या पुस्तकी कल्पनेत रुग्ण वाईट दुकान सोडून चांगल्या दुकानात जातो. तीस किलोमीटरच्या परिसरात दुसरं दुकानच नसेल तर ती कल्पना निकामी आहे. अशा ठिकाणी हाताशी असलेलं केंद्र सुधारायला लावणं हीच निवड उरते, आणि त्यासाठी लागणारी समज गोळीचं नाव कळण्यापेक्षा मोठी आहे.

या विषयावर लिहिणाऱ्यांना एक धोका असतो आणि पुस्तकाच्या लेखकांनी तो बऱ्यापैकी टाळला आहे: सगळं खापर रुग्णाच्या अज्ञानावर फोडण्याचा. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. रुग्ण खाजगीतून फार उशिरा, अत्यवस्थ होऊन आले, असं स्पष्टीकरण देण्यात आलं. उशिरा आलेही असतील. पण उशिरा पाठवणारा डॉक्टर साक्षर होता, आणि खाटांच्या मानाने परिचारिका व औषधं किती पुरवायची हे ठरवणारे तर महासाक्षर. त्या बाळांच्या आयांना आणखी कुठलं पुस्तक वाचायला हवं होतं?

म्हणून पुढची प्रकरणं रुग्णाच्या हाती किती आहे आणि किती नाही, हे सतत तपासत वाचावीत. आशाताईंवरचं प्रकरण सावकाश वाचण्यासारखं आहे. २००५ नंतर खेड्यात दवाखान्याची निवड ज्यांनी सर्वांत जास्त वळवली त्या याच. विम्यावरचं प्रकरण मला थोडं त्रोटक वाटलं. कॅशलेसच्या यादीत नाव आहे म्हणून रुग्णालय निवडणारे मध्यमवर्गीय हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

चांगल्या रुग्णालयांची नावं मात्र यात शोधू नका. लेखकांनी ती मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ते योग्यच केलं. डॉक्टर जातात, यंत्रं बंद पडतात, याद्या बदलतात. त्याऐवजी शेवटी एक कोरा तक्ता आहे. आपल्या घरापासून जवळचं सापाची लस ठेवणारं केंद्र, रात्री सीटी स्कॅन सुरू असणारी जागा, रक्तपेढी, हृदयाच्या उपचारांसाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय, तिथल्या आरोग्यमित्राचा फोन, आशाताईंचा फोन, रेशनकार्ड घरात कुठे ठेवलंय ते. कुत्रा चावल्यावर जखम साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, हेही त्याच पानाच्या तळाशी छापलेलं आहे. तक्ता भरायला चार-पाच फोन करावे लागतील, एखाद्या केंद्रात जाऊन विचारावं लागेल. तो पेन्सिलीने भरा, म्हणजे दर दिवाळीला खोडून नवा लिहिता येईल.